बचावाची विद्या

चेन्नई शहराच्या नैर्ऋत्येस, श्रीपेरुंबुदूरहून सिंगपेरुमाळ कोविलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरगडम नावाचे ठिकाण आहे. भातखाचरे आणि पावसाचे पाणी साठवणारी तळी हे या टापूचे जुने वैभव. पुढे तेथे मोटारींचे, मोटारसायकलींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि भारताच्या कानाकोपऱ्यांतून तरुण कामगार तेथे येऊन राहू लागले. कामानिमित्त काही दिवस मला तेथे मुक्काम करावा लागला. पहिली पाळी सुटली की एका कुंपणाबाहेरच्या उजाड पटांगणात ही मुले फुटबॉल खेळत. कोणी ओडिया, कोणी बंगाली, कोणी तमिळ. एकमेकांची भाषा धड न कळणारी ती मुले दोनतीन शब्दांवर सगळा व्यवहार चालवीत, आणि त्यांतला एक शब्द ऐकून मी चमकलो. "सोड, सोड!" असे कोणी तरी खणखणीत मराठीत ओरडत होते.

तो मुलगा कोल्हापूरचा निघाला. कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते. पण त्या शहरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांच्यासारख्या तालमींचा सामना असला म्हणजे पेठाच्या पेठा ओस पडतात, हे बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. हा मुलगा आपल्या तालमीकडून मागच्या फळीत खेळत असे. खेळ संपल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर बसलो, तेव्हा तो सहज म्हणाला, "काका, गोल मारणाऱ्याचा फोटो चौकातल्या फलकावर लागतो. मी सात वर्षं मागं खेळलो. माझं नाव कुठंच न्हाई." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तक्रारही नव्हती. हिशेबात राहून गेलेली एक बाब त्याने दाखवून दिली, एवढेच.

मी त्याला त्या वेळी काही तरी थातुरमातुर उत्तर दिले. ते उत्तर मला पुढे अनेक दिवस बोचत राहिले. श्रोतेहो, आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. त्यासाठी मी एका अशा माणसाची कारकीर्द आपल्यापुढे ठेवणार आहे, की ज्याने आयुष्याचा पूर्वार्ध बचावपटू म्हणून घालवला आणि उत्तरार्ध प्रशिक्षक म्हणून. या माणसाचे नाव डेरिक परेरा. ते गोव्याचे, परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा भाग मुंबईत आणि पुण्यात घडला, म्हणून महाराष्ट्रानेही त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

प्रथम बचाव म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. फुटबॉल न पाहणाऱ्याची अशी समजूत असते की, मागे उभ्या असलेल्या खेळाडूने आलेला चेंडू जोराने दूर भिरकावून दिला म्हणजे त्याचे काम झाले. प्रत्यक्षात चेंडूला पाय लावण्याची वेळ येणे, हीच पुष्कळदा बचावातल्या एखाद्या आधीच्या चुकीची खूण असते. चांगला बचावपटू समोरच्या खेळाडूवर झेप घेत नाही. तो त्याच्यापुढे दोनतीन हातांचे अंतर राखून मागे मागे सरकतो, अंग किंचित तिरके ठेवतो आणि त्याला हळूहळू मैदानाच्या कडेकडे नेतो. कडेला गेलेल्या माणसाला वळायला एकच बाजू उरते. दरम्यान आपले सहकारी परत जागेवर आलेले असतात. झेप घेतली असती तर कदाचित चेंडू मिळाला असता. पण कदाचित समोरचा चकवून निघून गेला असता आणि मागे गोलरक्षकाशिवाय कोणीच उरले नसते. हा 'कदाचित' ज्याला कळतो, तो खरा बचावपटू.

दुसरी गोष्ट म्हणजे बचाव एकट्याचा कधीच नसतो. एक पुढे गेला की दुसऱ्याने त्याच्या पाठीमागची जागा धरायची, तिसऱ्याने आत सरकायचे. चौघे जण एका दोरीत ओवल्यासारखे हलले पाहिजेत. या चौघांपुढे सारे मैदान उघडे असते. पुढे खेळणाऱ्याची पाठ बहुतेक वेळ आपल्याच माणसांकडे असते, तर मागे खेळणाऱ्याला बावीसच्या बावीस माणसे दिसत असतात. म्हणून त्याला सतत बोलावे लागते, सूचना द्याव्या लागतात, दुसऱ्याची चूक घडण्यापूर्वी ओळखावी लागते. मागच्या फळीतल्या खेळाडूंतून प्रशिक्षक निपजतात याचे मला तरी हेच कारण दिसते: खेळत असतानाच त्यांची निम्मी उमेदवारी झालेली असते.

गोव्यात ही विद्या जुनी आहे. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका ब्रिटिश धर्मगुरूंनी 1883 साली शिवोली गावी हा खेळ आणला, असे सांगतात. पुढे चर्चपुढची पटांगणे आणि कापणीनंतरची मोकळी शेते ही त्याची मैदाने झाली. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला. त्याच्या मागेपुढे खाणमालकांनी आणि व्यापाऱ्यांनी आपापले संघ उभारले. वास्कोचा साळगावकर संघ 1956 सालचा. लोहखनिजाच्या पैशावर हे संघ पोसले गेले, आणि खेळाडूला नोकरी व मैदान यांची एकाच वेळी सोय झाली. 1983-84 च्या संतोष करंडकासाठी गोव्याचा संघ मद्रासला गेला होता. म्हणजे ज्या ओरगडमपासून मी सुरुवात केली, त्याच्यापासून काही कोसांवर. त्या संघाचे कर्णधार होते गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. अंतिम सामन्यात पंजाबला हरवून त्यांनी करंडक जिंकला, आणि साऱ्या स्पर्धेत एकही गोल स्वतःवर होऊ दिला नाही. बचाव ही गोव्याच्या संघाची केवळ गरज राहिली नव्हती. तो त्याचा अभिमान झाला होता, असे म्हणायला हा एक दाखला पुरेसा आहे.

डेरिक परेरा हे त्याच काळाचे अपत्य. त्यांचा जन्म 1962 चा. साळगावकर संघाच्या बचावफळीत ते ऐंशीच्या दशकात स्थिरावले आणि भारताच्या संघाकडूनही खेळले. 1988 मध्ये साळगावकरने फेडरेशन चषक जिंकला. गोव्याच्या एखाद्या संघाने हा चषक मिळवण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी त्यांनी तो राखला. कलकत्त्याच्या बलाढ्य संघांची या स्पर्धेवरची मक्तेदारी मोडून काढणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. त्या विजयांची वर्णने काढून वाचली तर त्यांत गोल करणाऱ्यांची नावे ठळक दिसतील. मागच्या फळीने काय केले हे त्या वर्णनांत शोधावे लागते, कारण तिने जे केले ते 'घडू दिले नाही' या स्वरूपाचे असते. आणि जे घडलेच नाही त्याची बातमी कशी छापणार?

खेळाडूची कारकीर्द तिशीबत्तिशीत उताराला लागते. पुष्कळ जण मग नोकरीच्या टेबलाशी स्थिर होतात आणि रविवारी जुन्या आठवणी काढतात. परेरा यांनी प्रशिक्षकाचा मार्ग धरला. आपल्या देशात या मार्गाला मोठी परंपरा आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर; त्यांनी शिकवलेल्या भारतीय संघाने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. 1962 ला जाकार्तात त्यांचा भरवशाचा बचावपटू जर्नैलसिंग डोक्याला जखम होऊन पडला. उपांत्य आणि अंतिम या दोन्ही सामन्यांत रहीमसाहेबांनी त्याला पुढच्या फळीत खेळवले आणि दोन्हींत त्याने गोल केले. प्रशिक्षकाचे डोके कोठे चालते याचे हे उदाहरण आहे. एका जागेची अडचण झाली तर तीच दुसऱ्या जागेवर उपयोगी कशी पडेल, हे त्याला दिसावे लागते. परंतु रहीमसाहेबांची पिढी आणि परेरा यांची पिढी यांत एक मोठे अंतर आहे. नव्या काळात प्रशिक्षकाला परीक्षा द्याव्या लागतात, आशियाई महासंघाचे परवाने एकेका पायरीने मिळवावे लागतात. त्यांतला सर्वांत वरचा, 'प्रो' म्हणून ओळखला जाणारा परवाना परेरा यांनी मिळवला. अनुभवाच्या जोरावर शिकवणाऱ्या जुन्या खेळाडूने पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसावे, ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही.

त्यांच्या यशाचा कळस झाला तो मुंबईत. महिंद्र कंपनीचा संघ 1962 पासून मुंबईच्या मैदानांवर खेळत आला होता. 2000 साली त्याचे नाव महिंद्रा युनायटेड असे झाले. मुंबईत पूर्वी गिरण्यांचे, कंपन्यांचे, रेल्वेचे संघ होते, कूपरेजवर रोव्हर्स चषकाच्या सामन्यांना गर्दी लोटत असे. 1891 मध्ये सुरू झालेली ती रोव्हर्स स्पर्धा या शतकाच्या आरंभीच बंद पडली. अशा ओहोटीच्या काळात परेरा यांच्याकडे महिंद्रा युनायटेडची सूत्रे आली. 2005 मध्ये या संघाने फेडरेशन चषक जिंकला आणि 2005-06 च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगचे अजिंक्यपद मिळवले. ही लीग 1996 पासून 2007 पर्यंत चालली. तेवढ्या सर्व वर्षांत तिचे अजिंक्यपद मिळवणारा महाराष्ट्रातला संघ हा एकच.

त्या संघात ब्राझीलचा होजे बारेटो होता, घानाचा युसिफ याकुबू होता. गोल करणारी माणसे होती, आणि लोक त्यांचे गुणगान करीत. परंतु महिनोन्‌महिने चालणारी लीग केवळ गोलांवर जिंकता येत नाही. चषकाच्या स्पर्धेत एखाद्या दिवशी अंगात वारे संचारले तरी भागते. लीगमध्ये थकव्याचे दिवस येतात, परक्या गावच्या उन्हात, खडबडीत मैदानावर सामने खेळावे लागतात. त्या दिवशी जिंकता आले नाही तरी निदान हरायचे नाही, हे ज्याला साधते तो शेवटी वर राहतो. हा हिशेब मूळचा बचावपटूचा आहे. परेरा यांनी मागच्या फळीत उभे राहून जे शिकले होते, ते एका संपूर्ण हंगामाला लावून दाखवले, असे मी समजतो.

आणि आता या कथेतला कठीण भाग येतो. 2010 मध्ये महिंद्रा युनायटेड हा संघ बंद करण्यात आला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका निर्णयासरशी संपला. परेरा त्यापूर्वीच पुण्याला गेले होते. तेथे 2007 मध्ये पुणे फुटबॉल क्लब नावाचा नवा संघ स्थापन झाला होता. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात तो खेळत असे. परेरा यांच्या हाताखाली 2009-10 मध्ये आय-लीगच्या पहिल्याच हंगामात हा संघ तिसरा आला आणि 2012-13 मध्ये दुसरा. ज्या शहरात फुटबॉल हा लष्करी छावणीच्या आसपासचा खेळ मानला जात असे, तेथे पेठांतली मुले बालेवाडीच्या बसमध्ये बसू लागली. पण 2015 मध्ये पुणे फुटबॉल क्लबही संपला.

त्याअगोदर, 2013 मध्ये परेरा आपल्या जुन्या साळगावकरकडे परतले होते. 2014 च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात साळगावकरने पुणे फुटबॉल क्लबला 1-0 असे हरवले. स्वतः उभ्या केलेल्या घराला स्वतःच्या मूळ घरासाठी पराभूत करण्याचा तो प्रसंग. त्या संध्याकाळी त्यांच्या मनात काय आले असेल ते त्यांनाच ठाऊक. 2016 मध्ये साळगावकर संघानेही राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. 2015-16 च्या हंगामात परेरा यांनी पुण्याच्याच शिवाजियन्स संघाला आय-लीगमध्ये शिकवले. तो संघ तळाला राहिला, आणि 2017 नंतर तोही दिसेनासा झाला.

श्रोतेहो, क्षणभर या यादीकडे पाहा. एक कारागीर घरे बांधत जातो आणि तो पुढच्या गावी पोहोचतो न पोहोचतो तोच मागचे घर उतरवले जाते. यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. खाणी थांबल्या, खर्च वाढले, 2014 पासून इंडियन सुपर लीग आली आणि प्रेक्षक व पैसा तिकडे वळला. जुन्या कंपनी-संघांचा पायाच असा होता की, मालकाच्या हौसेवर आणि धंद्याच्या भरभराटीवर ते उभे होते. परंतु प्रशिक्षकाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न राहतोच. ज्याच्या संघांच्या पाट्याही उरल्या नाहीत, त्याने आयुष्यभर केले काय? कोल्हापूरच्या त्या मुलाचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे.

याचे उत्तर माणसांत शोधावे लागते. मिझोरामचा जेजे लालपेखलुआ अगदी कोवळ्या वयात पुण्याला आला आणि परेरा यांच्या संघात त्याने व्यावसायिक फुटबॉलचे पहिले धडे घेतले. पुढे तो चेन्नईयिन संघाकडून खेळला. 2015 आणि 2017-18 मध्ये त्या संघाने सुपर लीग जिंकली, तेव्हा चेन्नईच्या गर्दीने त्याचे नाव डोक्यावर घेतले. केरळचा अनस एडथोडिका पुण्याच्या बचावफळीत परेरा यांच्याकडे घडला आणि नंतर भारताच्या मागच्या फळीचा आधारस्तंभ झाला. महिंद्रा युनायटेडच्या त्या दिवसांत महेश गवळी हा गोव्याचा बचावपटू तेथे खेळत होता. पुढे तो भारतीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. त्याच संघाच्या पटावर खालिद जमील होता. दुखापतींनी त्याची खेळाडूची कारकीर्द लवकर खुंटवली. पण त्याने 2017 मध्ये ऐझॉलच्या छोट्या संघाला आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले आणि 2025 मध्ये तो भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. या सर्वांचे सारे श्रेय एका माणसाचे आहे असे मी म्हणत नाही. कोणताही खेळाडू अनेक हातांतून जातो. परंतु एकाच वाटेवरून इतके जण पुढे गेलेले दिसतात, तेव्हा त्या वाटेवर कोणी तरी दिवा लावून बसले होते, एवढे मान्य करायला काय हरकत आहे?

या कारकिर्दीत अपयशेही आहेत, आणि ती लपवण्याचे कारण नाही. 2019 च्या मार्चमध्ये तेवीस वर्षांखालील भारतीय संघ घेऊन परेरा ताश्कंदला गेले, तेथे उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान या दोघांकडून संघ हरला. 2021 च्या डिसेंबरात एफ. सी. गोवा संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर सोडून गेले, तेव्हा तांत्रिक संचालक असलेल्या परेरा यांना धावपळीने सूत्रे हाती घ्यावी लागली. त्या हंगामात संघ नववा आला. याउलट 2017 मध्ये अशाच मध्यावर हाती आलेल्या चर्चिल ब्रदर्सला त्यांनी तळातून वर काढले होते. बुडत्या जहाजावर बोलावणे येणे हे अनुभवी माणसाच्या नशिबीच असते. जिंकले तर संघ जिंकतो, हरले तर प्रशिक्षक हरतो, हा जगभरचा न्याय आहे. मागच्या फळीतल्या खेळाडूला तो नवा नसतो. नव्वद मिनिटांत त्याने एकोणनव्वद मिनिटे चोख काम केले आणि एका मिनिटात पाय घसरला, तर लोकांना तेवढे एकच मिनिट आठवते.

मला वाटते, बचावाच्या विद्येचे मर्म येथे आहे. ज्या कामाचे यश 'काही घडले नाही' अशा रूपाने प्रकट होते, अशी कामे जगात पुष्कळ आहेत. रेल्वेचे सांधे बदलणारा, धरणाच्या दारांवर रात्री पहारा करणारा, गावात साथ येऊ नये म्हणून विहिरीत औषध टाकत फिरणारा आरोग्यसेवक, घरात सर्वांच्या मागे जेवणारी आई, यांचे फलक चौकात लागत नाहीत. त्यांच्या कामाची आठवण ते काम चुकले तरच होते. परंतु समाज उभा असतो तो याच मागच्या फळीवर. गोल करणारा सामना जिंकून देतो हे खरे. तो जिंकण्याजोगा शिल्लक ठेवण्याचे काम आधी कोणी तरी केलेले असते.

ओरगडमच्या त्या पटांगणावर मी आणखी एकदा गेलो होतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या दिवशी खेळ फारसा रंगात नव्हता. एक नवखा ओडिया मुलगा मागच्या फळीत उभा होता आणि प्रत्येक चेंडूवर धावून जात होता. प्रत्येक वेळी तो चकवला जाई. आमचा कोल्हापूरकर त्याच्याजवळ गेला, त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला थोडे तिरके उभे केले आणि हातानेच खूण केली: थांब, मागे सर, त्याला कडेला ने. दोघांना समान अशी भाषा नव्हती. पुढच्या वेळी तो मुलगा धावून गेला नाही. मागे सरकत सरकत त्याने समोरच्याला कडेपर्यंत नेले, आणि चेंडू आपोआप रेषेबाहेर गेला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. खेळ पुढे सुरू झाला.

त्या वेळी मला माझे उत्तर सापडले. ते मी त्या मुलाला सांगितले नाही, कारण त्याची त्याला गरज नव्हती. तो ते आपल्या दोन हातांनी देऊन मोकळा झाला होता. खेळाडूचे नाव फलकावर लागो न लागो, त्याने जे दुसऱ्याच्या अंगी उतरवले ते त्याच्याबरोबर संपत नाही. संघ बंद होतात, मैदानांवर इमारती उठतात, करंडक कपाटांत काळे पडतात. तिरके उभे राहून दोन हातांचे अंतर राखण्याची ती रीत मात्र एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात राहते. गोव्याच्या शेतांतून ती मुंबईला आली, मुंबईहून पुण्याला गेली, आणि कोल्हापूरच्या एका तालमीतून निघून ती ओरगडमच्या धुळीत एका परक्या मुलाच्या अंगी उतरताना मी पाहिली. जो हे देतो, त्याच्या कामाचा हिशेब गोलफलकावर मांडायला जागा नसते.